जेटमधली वायर

"अण्णा, त्यात बोट घालू नका. चालू आहे ते," मी म्हणाले.

मगदूम अण्णांनी हात मागं घेतला आणि धोतराला पुसला. अण्णा म्हणजे शिरढवळचे पोलीस पाटील. गावात त्यांच्याशिवाय पान हलत नव्हतं, पण माझ्या दुकानात ते दहा मिनिटं नुसते एका स्टीलच्या टाकीकडं बघत उभे होते. टाकीतनं किर्र असा बारीक आवाज येत होता आणि आतलं पाणी चहाच्या रंगाचं होत चाललं होतं. त्या पाण्यात, तारेच्या टोपलीत, त्यांच्या गावच्या होडीच्या इंजिनाचा कार्बोरेटर सुटा करून ठेवलेला होता.

"ब्रश न्हाई, घासणं न्हाई. मग मळ निघतोय कशानं?"

"आवाजानं. आपल्या कानाला ऐकू येत नाही असा आवाज हे मशीन पाण्यात सोडतं. त्यानं बारीक बुडबुडे होतात आणि फुटतात. जिथं ब्रश शिरत नाही, हवेचा फवारा पोचत नाही, तिथला मळ ते बुडबुडे सोडवतात."

त्यांना पटलं नाही. मग मी गिऱ्हाइकांना दाखवायचा माझा नेहमीचा खेळ दाखवला. जेवणाच्या डब्यातला चपातीचा चंदेरी कागद सरळ केला, त्या पाण्यात अर्धा मिनिट धरला आणि बाहेर काढून उजेडासमोर नेला. कागदाला सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं पडलेली.

"आयला," अण्णा म्हणाले. एवढंच म्हणाले, पण मला तेवढं पुरलं.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. कोल्हापुरात, उद्यमनगरात, माझं स्वतःचं दुकान होऊन तीन वर्षं झाली होती आणि ‘वैजयंता इंजिन वर्क्स’ हा बोर्ड मी माझ्या हातानं रंगवला होता. ते अल्ट्रासॉनिक मशीन मी गुजरीतल्या एका सोनाराकडनं उचललं होतं. तो त्यात दागिने धुवायचा, मी कार्बोरेटर धुवायला लागले. फवारणीचे पंप, गवत कापायची मशीनं, छोटे जनरेटर, सगळ्यांचे. आख्ख्या उद्यमनगरात असं काम करणारी मी एकटी होते, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगायची. तोंड आवरायचं मी नंतर शिकले. अजून पुरतं जमलेलं नाही.

शिरढवळ नदीकाठचं गाव. पावसाळ्यात रस्ता पाण्याखाली गेला की चार-पाच दिवस गावाचं बेट होतं. मग आजारी माणूस बाहेर काढायचा तर होडीतनं, औषध आत न्यायचं तर होडीतनं. मोठ्या महापुरानंतर तसल्या अकरा गावांनी इंजिनाच्या होड्या घेतल्या होत्या. दरवर्षी मे महिन्यात ही अकरा इंजिनं तपासायला एकाच माणसाकडं जायची. बाबालाल मुल्लाणी. मी ज्यांच्याकडं काम शिकले ते बाबालालचाचा.

"मग या वर्षी माझ्याकडं कसं काय आणलंत?" मी अण्णांना विचारलं होतं. उत्तर मला ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"गेल्या पावसात इंजिनाचा दोर ओढून ओढून आमच्या होडीवाल्या शिवाप्पाचा खांदा निखळायची पाळी आली," अण्णा म्हणाले. "बाबालाल आता थकला. अकरा गावांचं ठरलंय, एक कायमचा मेस्त्री नेमायचा. रविवारी घाटावर ट्रायल हाय, सगळ्या गावांची माणसं येणार. आमचं इंजिन तुझ्याकडनं, बाकीची बाबालालकडनं. त्यात काय दिसंल त्याच्यावर ठरंल."

म्हणजे रविवारी एक तर ती अकराही इंजिनं चाचांकडं राहणार होती, नाहीतर माझ्याकडं येणार होती. ती इंजिनं म्हणजे चाचांचं नाव होतं. पुराच्या दिवसांत पेपरात होडीचा फोटो आला की ते कात्रण कापून भिंतीला लावायचे. हे मला माहीत होतं, आणि तरी मला ती इंजिनं पाहिजे होती. का, ते सांगते.

चाचांकडं मी सहा वर्षं होते. पहिली चार वर्षं त्यांनी मला सगळं शिकवलं. आणि मग एक दिवस, काही कारण न सांगता, माझ्या हातातनं कार्बोरेटर काढून घेतले. "तू आजपासनं ब्लॉक आणि गिअर बघ. कार्बोरेटर मी बघीन." का म्हणून विचारलं तर, "मी सांगतोय म्हणून." दोन वर्षं मी जड लोखंड उचललं आणि ते माझ्याकडं पाठ करून कार्बोरेटर उघडत बसले. मुलगी आहे, हिला बारीक काम किती दिवस द्यायचं, उद्या लग्न होऊन जाईल, असं त्यांच्या मनात असणार हे मी धरून चालले. शेवटी एक दिवस भांडून बाहेर पडले आणि समोरच्याच गल्लीत दुकान टाकलं. राग होता, खोटं कशाला बोलू.

मशीन थांबलं. मी टोपली उचलली, सगळे भाग साध्या पाण्यात धुतले, हवेनं सुकवले. नवा दिसत होता कार्बोरेटर. मेन जेट, म्हणजे पेट्रोल ज्यातनं मोजून जातं तो छोटा पितळी स्क्रू, उजेडात धरून बघितला. भोक आरपार स्वच्छ.

टाकीच्या तळाशी गाळ बसला होता. तो गाळताना जाळीवर काहीतरी चमकलं. चिमट्यानं उचललं तर वायर. केसापेक्षा जराशी जाड, अर्ध्या नखाएवढी, मधोमध दुमडलेली.

"हे काय?" अण्णांनी विचारलं.

मी ओळखलं. केबलचा एक तंतू. जेट तुंबलं की जुने मेस्त्री वायर घालून टोचतात, ती कधीकधी तुटून आत राहते. चाचांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, जेटमध्ये वायर घालायची नाही, पितळ मऊ असतं, भोक वाढतं. आणि स्वतः हे.

"तुमचं इंजिन का चालू होत नव्हतं त्याचं कारण आहे हे," मी म्हणाले. "बाबालाल मेस्त्रींनी वायरीनं जेट टोचलं, वायर तुटली, आतच राहिली. तुमच्या गावाची माणसं पुरात याच्यावर विसंबून होती."

अण्णांचा चेहरा उतरला. मला आत कुठंतरी वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. मी ती वायर चिकटपट्टीनं कपाटाच्या काचेला लावली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

इंजिन जोडलं, पाण्यानं भरलेल्या टिपाडात उभं केलं आणि दोर ओढला. दुसऱ्या ओढीला चालू. आवाज एकसारखा, धूर नाही. अण्णांनी खिशातनं फोन काढून त्याचं चित्रण केलं. संध्याकाळपर्यंत वायरीची गोष्ट नदीकाठच्या अकरा गावांत पोचली होती.

शनिवारी दुपारी चाचा दुकानात आले. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी स्टूल पुढं केलं, ते बसले नाहीत. सरळ कपाटापाशी गेले, चष्मा वर केला आणि काचेवरची वायर बघत राहिले.

"मेन जेटमधनं निघाली?"

"टाकीच्या तळाशी सापडली. तुम्हाला माहीत असेल कुठली ते."

"जेट बघितलंस?"

"बघितलं. आरपार स्वच्छ आहे."

"मोजलंस?"

"जेटवरचा नंबर वाचला की. एकशे दहा."

"नंबर न्हाई गं. भोक मोजलंस का?"

भोक मोजायच्या सुया माझ्या खणात होत्या. मोजलं नव्हतं. स्वच्छ दिसणाऱ्या गोष्टीचं काय मोजायचं, असं मला वाटलं होतं. पण हे चाचांसमोर कबूल करणं माझ्या जिवावर आलं.

"चाचा, मी आता तुमच्याकडं कामाला नाही. तुम्ही मला कार्बोरेटर शिकवायचं पाच वर्षांपूर्वी बंद केलंत. आता कशाला सुरू करताय?"

ते दाराकडं गेले, मग वळले.

"टिपाडात चालवून बघितलंस न्हवं? टिपाडात ओझं नसतं. उद्या माणसं भरायच्या आधी एकदा भार घालून फुल रेस देऊन बघ. माझं एवढं तरी ऐक."

"बघते," मी म्हणाले. बघायचा माझा काही विचार नव्हता. चाचा हरायला आलेत आणि जाता जाता माझ्या मनात खुट्टी मारून जातायत, असं मी समजले. ती वायर दुमडलेली का आहे, हा साधा प्रश्न मला पडला नाही. तुटून अडकलेली वायर अशी नीट, मधोमध दुमडलेली कशी असेल?

रविवारी सकाळी आठला घाटावर पन्नास-साठ माणसं जमली होती. बंधाऱ्याच्या फळ्या अजून काढल्या नव्हत्या, त्यामुळं नदी भरलेली आणि संथ होती. चाचांनी तपासलेल्या दोन गावांच्या होड्या आधीच पुलापर्यंत जाऊन आल्या होत्या. नीट गेल्या, नीट आल्या. चाचा पायरीवर एका कडेला बसले होते. त्यांच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. लोक त्यांच्याकडं बघून आपसांत काहीतरी बोलत होते, आणि काय बोलत होते ते मला न ऐकताही कळत होतं.

शिरढवळची होडी निघाली. चालवायला शिवाप्पा आंबी. आंबी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या या नदीवर नाव चालवणारी माणसं, शिवाप्पा त्यातला सगळ्यांत निवांत. जाकिटं घालून दहा माणसं बसली, अण्णा सगळ्यांत पुढं. एकाच ओढीत इंजिन चालू झालं. शिवाप्पानं माझ्याकडं बघून मान हलवली. मी कमरेवर हात ठेवून उभी होते.

होडी मध्यावर गेली. शिवाप्पानं रेस वाढवली. आवाज चढायच्या ऐवजी जड झाला, घोगरा झाला. मागनं काळा धूर निघायला लागला. अजून रेस दिली तर इंजिन गुदमरलं, दोन आचके दिले आणि बंद पडलं.

शिवाप्पा दोर ओढत होता. दहा वेळा, बारा वेळा. होडी हळूहळू आडवी होऊन बंधाऱ्याकडं सरकायला लागली. मे महिन्याचं पाणी होतं, धोका काही नव्हता, त्यांनी वल्ही काढली आणि आले परत. पण प्रत्येकाच्या डोक्यात एकच चाललं होतं, माझ्याही. हे ऑगस्टमध्ये झालं असतं तर?

लाज वाटते सांगायला, पण तोंडातनं पहिलं वाक्य काय निघालं तर, "जेट आधीच खराब केलेलं होतं. वायर घालून घालून."

अण्णा होडीतनं उतरले, ओले पाय तसेच घेऊन चाचांसमोर जाऊन उभे राहिले.

"बाबालाल, पाच वर्षं आमच्या गावाचा जीव तुझ्या हातात दिला. आणि तू वायरी कोंबत बसलास?"

चाचा उठले. होडीपाशी गेले, इंजिनाचं झाकण काढलं, कार्बोरेटरची खालची वाटी सोडवली आणि मेन जेट काढून हातात घेतलं. घाटावर कुणाची तरी सायकल उभी होती. तिच्या ब्रेकच्या केबलचं टोक विस्कटलं होतं. त्यातला एक तंतू त्यांनी पक्कडीनं तोडला, मधोमध दुमडला, जेटच्या भोकात घातला आणि वरची टोकं बाहेर वाकवली, आत पडू नये म्हणून. प्लग पुसला. सगळं परत जोडलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"शिवाप्पा, माणसं भर. जा पुलापर्यंत," ते म्हणाले.

होडी दहा माणसं घेऊन पुलापर्यंत गेली आणि पाणी कापत परत आली. धूर नाही, आचका नाही.

तेव्हा मला कळलं. ती वायर कचरा नव्हतीच. गेल्या पावसात इंजिन अडत होतं ते मळामुळं, वायरीमुळं नाही. जेटचं भोक पाहिजे त्याच्यापेक्षा मोठं झालं होतं, पेट्रोल जास्त जात होतं. नवं जेट नव्हतं म्हणून चाचांनी वायर घालून ते भोक लहान केलं होतं. वर्षानुवर्षांच्या पेट्रोलच्या चिकटानं ती तिथं घट्ट बसली होती. माझ्या मशीननं तो चिकटा काढला आणि वायरही काढली. मशीननं काम चोख केलं होतं. चुकले मी. टिपाडात अर्ध्या रेसला ते जास्तीचं पेट्रोल दिसत नाही, ओझ्याखाली दिसतं.

पण मग भोक मोठं कुणी केलं?

त्या सुया मी निघताना अवजारांबरोबर पिशवीत टाकल्या होत्या. "जेट द्या," मी म्हणाले. चाचा म्हणाले, "राहू दे." मी ऐकलं नाही. परत वाटी सोडवली, वायर काढली आणि सुई घातली. एकशे दहाच्या जागी एकशे पंचवीसची सुई सरळ आत गेली. आणि भोक गोल होतं, कडा साफ. टोचून टोचून मोठं झालेलं भोक असं नसतं, ते वेडंवाकडं असतं. हे ड्रिलचं काम होतं. बोटांत धरून फिरवायच्या छोट्या ड्रिलचं.

तसलं हातड्रिल चाचांच्या दुकानात एकच होतं आणि ते मी वापरायचे. आणि मग मला तो दिवस आठवला. चाचा मिरजेला उरुसाला गेले होते, मी दुकानात एकटी. होड्या घेतल्यावरचा पहिलाच मे महिना. एका इंजिनाचं जेट काही केल्या मोकळं होत नव्हतं, वायर घालायची नाही असं बजावलेलं. मी वायर घातली नाही. त्याच्यापेक्षा शहाणपणा केला. ड्रिल फिरवलं. पितळाचा एक बारीक पिवळा कीस बाहेर आला, आणि मला वाटलं मळ निघाला. इंजिन चालू झालं. कुणाला सांगायचं कारणच नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी चाचांनी माझ्याकडनं कार्बोरेटर काढून घेतले होते.

मी चाचांकडं बघितलं. "चाचा, हे मी केलेलं आहे?"

"गप," ते दबक्या आवाजात म्हणाले. "वाटी लाव आधी."

"मला का सांगितलं नाहीत?"

"पुराच्या होडीचं इंजिन मुल्लाणीच्या दुकानातल्या पोरीनं बिघडवलं, असं एकदा लोकांत झालं असतं तर तुला सायकलचा पंपसुद्धा कुणी हातात दिला नसता. तुला सांगितलं असतं तर काम सोडून गेली असतीस."

"तशीही गेलेच की."

चाचांनी वाटी माझ्या हातातनं घेतली आणि स्वतःच लावायला लागले.

वर पायऱ्यांवर अण्णांचं आणि बाकीच्या गावच्या लोकांचं बोलणं संपत आलं होतं. अण्णा खाली आले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, ठरवून टाकल्याचा थंडपणा होता.

"बाबालाल, आज चाललं म्हणून आम्ही गप्प बसणार न्हाई. जीव वाचवायच्या होडीत तू वायर घातलीस आणि कुणाला सांगितलं न्हाईस. आजपासनं अकरा गावांतलं एकबी इंजिन तुझ्याकडं यायचं न्हाई. वैजयंता, तू नवीन जेट आण. सगळी इंजिनं तुझ्याकडं."

मला पाहिजे होतं ते सगळं त्या एका वाक्यात माझ्या ओंजळीत पडलं होतं. चाचा पक्कड पुसून पिशवीत ठेवत होते. ते बोलणार नव्हते हे मला ठाऊक होतं. पाच वर्षं बोलले नव्हते, आता काय बोलणार. मी गप्प बसले असते तर कुणालाच काही कळलं नसतं.

"अण्णा, भोक मी मोठं केलंय," मी म्हणाले.

"काय?"

"पाच वर्षांपूर्वी, चाचांच्या दुकानात. ते गावाला गेले होते, मी जेटमधनं ड्रिल फिरवलं. त्यांनी ती वायर माझी चूक झाकायला घातली. वायरीची गोष्ट गावोगाव मी पसरवली, तीही खोटी. आणि परवा भोक मोजायच्या सुया खणात असताना मोजलं नाही, भार घालून बघ असं काल चाचा दुकानात येऊन सांगून गेले तरी बघितलं नाही. हे सगळं माझं आहे. त्यांचं काय आहे ते एवढंच, की त्यांनी सांगितलं नाही."

मी घाटावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलले. बोलायचंच तर नीट बोलायचं.

चाचा माझ्यावर चिडले. खरंच चिडले. "पाच वर्षं झाकलेलं दोन मिनिटांत उघडं केलंस. अक्कल हाय का तुला?"

"झाकायचं नव्हतंच चाचा. दहा माणसं बसतात त्या होडीत."

अण्णा माझ्याकडं आणि चाचांकडं आळीपाळीनं बघत होते. "म्हणजे एकानं बिघडवलं, दुसऱ्यानं झाकलं. आणि आम्ही आमची पोरंबाळं कुणाच्या भरवशावर होडीत बसवायची?"

"आमच्याच," मी म्हणाले. "माझ्या हातनं कुठं चूक होते ते मला आज कळलंय. मी परत न मोजता कुठलं जेट बसवणार नाही. ज्याला अजून त्याची चूक कळलेली नाही त्याच्याकडं इंजिनं देऊन बघा हवं तर."

कुणीतरी हसलं. अण्णा हसले नाहीत. वरच्या लोकांतनं दोघं-तिघं एकदम बोलायला लागले, कोण म्हणत होतं सांगलीहून मेस्त्री आणू, कोण म्हणत होतं या दोघांनाही नको. हे असंच दुपारपर्यंत चाललं असतं, पण शिवाप्पा होडी बांधून वर आला.

"इंजिन कुणाकडं द्यायचं त्ये तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "होडी मी चालवतो. पुरात मी जातो. मला एकच पायजे. ज्यानं दुरुस्त केलं त्यानं ट्रायलला पयल्यांदा होडीत बसायचं. काठावर उभं ऱ्हायचं न्हाई. आजपासनं त्याच्याशिवाय मी दोर ओढणार न्हाई."

अण्णांनी वरच्या लोकांकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "गुरुवारी. नवीन जेट घालून. दोघंबी बसा. मग बघू."

सोमवारी पहाटेच्या गाडीनं मी मालवणला गेले. किनाऱ्यावर होड्यांच्या इंजिनांचे भाग मिळतात. पहिल्या दुकानात नव्हतं, दुसऱ्यात नव्हतं, तिसऱ्यात तीन जेट मिळाली. तिन्ही तिथंच मोजली. दुकानदार म्हणाला, "बाई, कंपनीचं सील आहे." मी म्हणाले, "असू दे." त्यातल्या एकाचं भोक खरंच पाच अंकांनी मोठं होतं. ते परत केलं.

गुरुवारी घाटावर माणसं कमी होती, दहा-बाराच. शिवाप्पानं दोन जाकिटं पुढं केली. मी घातलं. चाचांच्या हातात जाकीट तसंच होतं, ते पाण्याकडं बघत होते. मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की इतकी वर्षं होड्यांची इंजिनं दुरुस्त करून चाचा कधी होडीत बसलेले मी पाहिलेच नव्हते.

"पोहता येतं का चाचा?"

"न्हाई. तुला?"

"मलाही नाही."

त्यांनी जाकीट घातलं. पट्टे मीच ओढून बांधले. आम्ही दोघं मधल्या फळीवर शेजारी शेजारी बसलो, मागं आठ गावकरी. शिवाप्पानं दोर ओढला. एकाच ओढीत इंजिन चालू झालं. काठ मागं पडला, पाणी गडद होत गेलं. चाचांनी फळी इतकी घट्ट धरली होती की त्यांची नखं पांढरी पडली होती. माझीही तीच अवस्था होती, पण मी दाखवत नव्हते.

"आता देऊ का फुल रेस?" शिवाप्पानं विचारलं.

चाचांनी माझ्याकडं बघितलं. "मोजलंस?"

"तीनदा."

"दे," ते शिवाप्पाला म्हणाले.

होडीचं तोंड वर उचललं गेलं आणि आवाज एकसारखा चढत गेला. इंजिनाच्या त्या आवाजात चाचा माझ्या कानाशी वाकून बोलले, बाकी कुणाला ऐकू गेलं नसणार.

"पोरी, नवीन जेटला तेव्हा कंपनीच्या माणसानं तीन महिने सांगितले होते. पाऊस तोंडावर होता म्हणून वायर घातली. पुढं चार वर्षं मला मालवणला जायला कुणी अडवलं होतं? वायर चालतीय म्हणून बसलो. मला वाटायचं मी तुला सांभाळलं. खरं सांगू? जे तुला त्याच दिवशी शिकवायला पायजे होतं ते शिकवलं न्हाई, आणि वर तुझ्याकडनं कामबी काढून घेतलं. तुझी चूक एका दिवसाची होती. माझी पाच वर्षांची."

मला रडू आलं. पूल समोर येत होता. मी त्यांचा हात फळीवरनं सोडवून माझ्या हातात धरला आणि शिवाप्पाला म्हणाले की पुलाच्या पलीकडं पण ने.